वाचक विचारतात : जुनी गाडी, दुसरे इंजिन

प्रश्न : मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या सेडानमध्ये पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह दुसरे इंजिन बसवले. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) कापून घेतला आणि बॅलन्सही केला. तरी ताशी 70 किलोमीटरच्या पुढे सीटखालून थरथर येते. चाकांचे बॅलन्सिंग झाले आहे. आता काय पाहायचे?

आधी थरथर कुणाची ते ठरवा. मोकळ्या रस्त्यावर गाडी 80 ला नेऊन न्यूट्रल करा आणि इंजिनचे आरपीएम खाली येऊ द्या. थरथर गेली, तर दोष इंजिन, क्लच किंवा फाउंडेशनमध्ये (इंजिनच्या रबरी आधारांत) आहे. गाडीच्या वेगाबरोबर ती तशीच राहिली, तर शाफ्टकडे वळा. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून शाफ्टचे कोन जुळलेले नाहीत असे दिसते. इंजिन बदललेल्या गाडीत हा दोष फार आढळतो आणि बिचारी चाके पुन्हा पुन्हा बॅलन्स होत राहतात.

क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा दर फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. पुढच्या क्रॉसने केलेला हा चढउतार मागच्या क्रॉसने खोडून काढायचा असतो. त्यासाठी दोन्हीकडचा कोन सारखा लागतो, म्हणजे गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि डिफरन्शिअलचे पिनियन (मागच्या ॲक्सलमध्ये जिथे शाफ्ट जोडला जातो तो भाग) एकमेकांना समांतर लागतात. गिअरबॉक्स मात्र बहुतेक वेळा जिथे मावतो तिथे बसवला जातो आणि पिनियनकडे कुणी पाहतच नाही.

गाडी चाकांवर, सपाट जागी, नेहमीच्या वजनाने उभी करा. मागचा ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप निरुपयोगी. डिजिटल कोनमापक लावून आउटपुट शाफ्ट, प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियन असे तीन उतार लिहून घ्या. समजा गिअरबॉक्स मागे 3 अंश उतरता आहे, प्रोपेलर शाफ्ट 5 अंश आणि पिनियन आडवे, म्हणजे 0. पुढच्या क्रॉसवर 2 अंश पडले, मागच्यावर 5. हा 3 अंशांचा फरकच थरथरतो. फरक 1 अंशाच्या आत आणा आणि प्रत्येक क्रॉसवरचा कोन 1 ते 3 अंशांत ठेवा. अगदी शून्य कोनही चांगला नाही, कारण क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात.

वरच्या उदाहरणात पिनियनचे तोंड 3 अंश वर उचलायला हवे. पण मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते तोंड आपोआप वर येते, म्हणून ॲक्सल आणि पाट्यांमध्ये 2 अंशांची पाचर पुरे. ॲक्सल पाट्यांच्या वर बसत असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे येते, पाट्यांच्या खाली असेल तर मागे. पाचर घातल्यावर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट लांबीला पुरतात का ते पाहा. नट पूर्ण चढून दोन-तीन आटे बाहेर दिसलेच पाहिजेत.

मोजमापाआधी दोन गोष्टी नजरेखालून घाला. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहाती तुकडे) एकाच रेषेत हवेत. स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) एक दात चुकवून जोडली तर कोन कितीही जुळवले तरी थरथर राहते. दुसरे, गाडी चाकांवर असताना स्लिप योकला (गिअरबॉक्समध्ये सरकणाऱ्या पुढच्या योकला) आत जायला 20 ते 25 मिलिमीटर जागा उरली पाहिजे. ती नसेल तर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सवर आतून आदळतो आणि मागचे बेअरिंग जाते.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून क्लच केबल महिन्याभरात जाम होते. दुसरी केबलही गेली. काढून पाहिली तर आतले प्लास्टिक वितळलेले.

केबल चांगलीच आहे, इंजिनची अर्थिंग राहिली आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसते, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. सेल्फ मारताना शंभराहून जास्त अँपिअर करंट परतीची वाट शोधतो आणि अर्थिंगची पट्टी नसली की क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. मल्टीमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा खाली हवा. तुमच्याकडे तो नक्कीच वर दिसेल.

25 ते 35 चौरस मिलिमीटरची विणलेली तांब्याची पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसीपर्यंत लावा. दोन्ही जागांचा रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावा. मग नवी केबल टाका आणि ॲक्सिलरेटरचीही तपासा.

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शनचे इंजिन आले. पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेले की वळणावर इंजिन गुदमरते. टाकी जुनीच आहे.

जुन्या टाकीत पेट्रोल अडवणारे पडदे नसतात किंवा नावापुरते असतात. कार्ब्युरेटरला ते चालून जायचे, कारण फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असे. इंजेक्शनला तसा साठा नाही. वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात गेले की पंप हवा ओढतो आणि रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब क्षणात पडतो. पंप पेट्रोलनेच थंड होतो, त्यामुळे असे चालवत राहिलात तर पंपही जाईल.

एक ते दोन लिटरचा स्वर्ल पॉट (पेट्रोलचा छोटा मधला डबा) लावा. टाकीतून कमी दाबाचा पंप तो भरतो, त्याच्या तळातून जास्त दाबाचा पंप रेलला देतो, रेग्युलेटरची परतीची नळी स्वर्ल पॉटमध्ये येते आणि त्याच्या माथ्यावरून जादा पेट्रोल व हवा टाकीत जाते. जास्त दाबाच्या पंपाआधी 100 मायक्रॉनची जाळी, नंतर 10 मायक्रॉनचा फिल्टर.

नळ्यांबाबत हयगय नको. कार्ब्युरेटरला 0.2 ते 0.3 बार दाब पुरतो, इंजेक्शनला सुमारे 3 बार लागतो, म्हणजे दहापट. जुनी रबरी नळी आज टिकली तरी एक दिवस गरम एक्झॉस्टवर पेट्रोल उडवेल. एसएई जे30 आर9 दर्जाची नळी आणि फ्युएल इंजेक्शनच्या, कडा वळवलेल्या क्लिपा वापरा. पंपाचा रिले ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) ताब्यात ठेवा आणि धडकेत तुटणारा इनर्शिया स्विच मालिकेत टाका.

प्रश्न : 1098 सीसीच्या मॉरिस मायनरमध्ये छोटे डिझेल इंजिन टाकावे का?

टाकता येते, पण आधी कागदावर गणित करा. या गाडीचा ॲक्सल 4.22 चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे 4.22 फेरे. चाकाचा घेर 1.8 मीटर धरला तर 100 च्या वेगाला चाक मिनिटाला 926 फेरे घेते, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन सुमारे 3900 आरपीएमवर. डिझेलसाठी हे रोजचे चालवणे नव्हे. 0.82 चा पाचवा गिअर असेल तर तेच 3200 होते, आणि मग विचार करण्यासारखे आहे.

वजनही वाढणार. पुढचे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) नव्याने बसवून उंची साधावी लागेल. हे बार मागे गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेले असतात. रुंद गिअरबॉक्ससाठी तो क्रॉसमेंबर कापायची सूचना कुणी केली तर स्पष्ट नकार द्या. पुढचे ड्रम ब्रेक बदलण्याचे काम इंजिनच्या आधी घ्या. ब्रेकला जोर देणारा सर्व्हो लावणार असाल तर डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. इंधन बदलाची परवानगी आणि नोंद पहिला बोल्ट सोडण्याआधी पाहून घ्या.

आमचे मत विचाराल तर मायनरच्याच ए-सिरीज इंजिन घराण्याचे, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतले 1275 सीसी पेट्रोल इंजिन शोधा. फाउंडेशनची जागा फारशी बदलत नाही आणि गाडीचा तोल राहतो. मिनीमधले 1275 मात्र जसेच्या तसे बसत नाही, कारण ते आडवे असते आणि त्याचा गिअरबॉक्स ऑइल चेंबरमध्येच असतो.

प्रश्न : जुन्या ब्रिटिश गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली आहे. नव्या इग्निशनसाठी निगेटिव्ह करायचे आहे. नुसती बॅटरी फिरवून चालेल का?

नाही. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी जाड (17.5 मिमी) आणि निगेटिव्ह बारीक (15.9 मिमी) असते, त्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतील. बॅटरी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, डायनॅमोच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढा आणि बॅटरीच्या लाइव्ह (बॉडीला न जोडलेल्या) खुंटीवरून आणलेली वायर त्या टर्मिनलला दोन-चार वेळा क्षणभर टेकवा. ठिणगी उडेल, ती अपेक्षितच. हे राहिले तर डायनॅमो उलट चार्ज करून कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जाळतो.

कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करा, नाहीतर स्पार्क कमजोर पडतो. ॲमीटरच्याही. सेल्फ आणि फील्ड वाइंडिंगच्या मोटरी पूर्वीसारख्याच दिशेने फिरतात, पण कायमचे चुंबक असलेली हीटरची मोटर उलटी फिरेल. तिच्या वायरी बदला. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आणि डायोड बसवलेला इलेक्ट्रिक फ्युएल पंप हे दोन्ही बॅटरी फिरवण्याआधीच सोडवून ठेवा.