पंधरा दिवस आलो नाही, कुणाला कळलंच नाही

"म्याडम, पोरगं म्हणतंय कालेज सोडतो. रागवावं का समजावावं, काय कळंना झालंय."

ऑक्टोबर संपत आला होता. फोन बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कामगाराचा. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन झालेली, टोळी निघायला चार दिवस उरलेले, आणि पुण्यात आमच्या महाविद्यालयात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा शिक्षण सोडायचं म्हणतोय. घरातला कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. दिवाळीच्या आसपास मला दर वर्षी असे फोन येतात. गाव वेगळं, भाषा वेगळी, काळजी तीच. म्हणून त्या मुलाला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

तो समोर बसला तेव्हा त्याचं बोलणं ठरलेलं होतं. फिजिक्स इंग्रजीतून डोक्यावरून जातं. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. "तेवढं प्रमाणपत्र घेतो अन् जातो. आई-बाप फडात, मी इथं खोलीत झोपून. त्यापेक्षा कोयता बरा."

मी विचारलं, "काल दिवसभरात कुणाकुणाशी बोललास?"

बराच वेळ आठवून म्हणाला, "मेसच्या काकांशी. भात संपलाय म्हणाले ते."

मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी पंधरा दिवस वर्गातच आलो नाही. कुणाला कळलंच नाही."

वहीत मी ते वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलं. फिजिक्सचा धडा पुन्हा शिकवता येतो. आपण नसलो तरी इथलं काही अडत नाही, हे मनात बसलं की मुलगा नाव काढण्याआधीच निघून गेलेला असतो.

तरी एकटेपणावर बोलण्याआधी बाकीचं तपासावंच लागतं. मेसचे दोन महिने थकले होते, शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता. आमच्याकडे 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिच्यात ग्रंथालयात रोज दोन तासांचं काम मिळवून दिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढलं ते याच विचारावर, आणि आजही गरीब घरच्या मुलाला हात पसरायला न लावणारी यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही. रॅगिंग होतंय का, झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. सरळ विचारल्याने तसले विचार येत नाहीत, उलट मुलं मोकळी होतात. असे विचार येत असतील तर शिबिरं, स्पर्धा नंतर. आधी तज्ज्ञ गाठायचा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो. याच्या बाबतीत तसं नव्हतं.

यानंतर माझी चूक झाली. "सगळ्यांत मिसळ," असं सांगून मी त्याला फ्रेशर्सच्या कार्यक्रमाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी मिटलेला. "सगळ्यांचे आपापले ग्रुप होते. मी गेटपाशीच उभा राहिलो अन् परत आलो." गर्दीत सोडून दिलं की माणूस जोडला जातो, हा आम्हा शिक्षकांचा फार जुना गैरसमज आहे. स्टेजवर चाळीस मुलं नाचत असतात आणि खाली अंधारात चारशे जणांना खात्री पटत असते की आपलं इथे कुणी नाही.

मुलं कॉलेज का सोडतात याचा विचार शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी अमेरिकेत १९७५ मध्ये मांडला. हुशारी आणि पैसा यांच्याइतकंच मुलाचं तिथल्या माणसांशी आणि अभ्यासाशी नातं जुळणं मोलाचं, असं त्यांचं म्हणणं. पण माझ्या रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडली ती समुपदेशनाच्या अभ्यासक नॅन्सी श्लॉसबर्ग यांची १९८९ मधली मांडणी. आपण कुणाच्या खिजगणतीत आहोत का, हा त्यांचा प्रश्न. आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे, आपलं बरंवाईट झालं तर कुणाला फरक पडतो, कुणाचं काम आपल्यावाचून अडतं, आणि केल्याची कुणी कदर करतं का. यातला 'अडतं' हा भाग आपण सगळ्यात कमी वापरतो. नव्या मुलाला आपण मदत देत राहतो, त्याच्याकडून काही मागत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी सरांना मी एवढंच म्हटलं, "याला शिबिराला न्या, पण बघ्या म्हणून नको. काहीतरी त्याच्या अंगावर टाका." १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. एका खोलीत पंधरा जण झोपतात, स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात. गेटपाशी उभं राहायला तिथे जागाच नसते.

त्या वर्षी मुळशीकडच्या एका ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्या रचून केलेला बांध, घालायचा होता. शहरातली मुलं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गळ्यापर्यंत भरून एकावर एक सरळ रचत होती. हा थोडा वेळ बघत राहिला आणि मग पाण्यात उतरला. गोणी गच्च भरायची नाही, थोडी रिकामी ठेवायची म्हणजे ती नीट बसते. तोंड सुतळीने शिवायचं. विटांसारखे सांधे चुकवायचे. दोन थरांमध्ये माती चेपायची. गावच्या श्रमदानात लहानपणापासून केलेलं काम होतं ते. दुपारपर्यंत पन्नास मुलं त्याला विचारून गोण्या ठेवत होती.

रात्रीच्या बैठकीत सर म्हणाले, "आज पाणी अडलं, कारण याने सकाळी रचलेला पहिला थर उचलायला लावला आणि सांधे चुकवून पुन्हा घालून घेतला." नुसतं 'छान काम केलंस' ते म्हणाले नाहीत. काय केलं, त्याने काय झालं, आणि ते कुणाच्या देखत सांगितलं, या तीन गोष्टींवर कौतुकाचं वजन ठरतं असं माझं मत आहे. वार्षिक पारितोषिक वितरणात शंभर मुलांना एकाच मजकुराची प्रमाणपत्रं वाटतो आपण. घरी गेल्यावर ती गादीखाली जातात.

परत आल्यावर सरांनी त्याच्याकडे साहित्याच्या कपाटाची चावी दिली. टिकाव, फावडी, घमेली मोजून द्यायची, मोजून घ्यायची, नोंदवहीत लिहायची. शनिवारी सकाळी आठला तो नसला तर कामच सुरू होत नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो आला नाही. साडेआठला दोन मुलं त्याच्या कॉट बेसिसच्या खोलीवर हजर. "चावी कुठंय? आणि तू पडून का आहेस?" अंगात ताप होता. एक चावी घेऊन गेला, दुसऱ्याने याला दवाखान्यात नेलं. हा प्रसंग त्याने मला दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा आधी सांगितलंय हे विसरून.

चावीने फिजिक्स सुटलं नाही. एक विषय राहिलाच, एटीकेटी लागली. पण शिबिरातल्याच एका मुलीने चहाच्या टपरीवर बसून त्याला गणितं मराठीतून समजावली, आणि वर्गात हात वर करायचा धीर त्याला तिथून आला.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच शिबिरातली एक अतिशय गुणी मुलगी घरच्यांनी लग्न ठरवलं म्हणून दुसऱ्या वर्षी गेली. तिच्या वडिलांशी मी तीनदा बोलले. शिबिर तिला अडवायला पुरलं नाही, मीही पुरले नाही, आणि ती सल अजून आहे.

याच्या वडिलांना त्या पहिल्या फोनवर मी म्हटलं होतं, "दादा, रागवू नका. आठवड्यातून दोनदा फोन करा, पण अभ्यास झाला का हे विचारू नका. आज कुणाबरोबर जेवलास, तेवढं विचारा." फडातून, रेंज मिळेल तिथे उभं राहून, ते नेमाने विचारत राहिले. सुरुवातीला उत्तर यायचं, "एकटाच." जानेवारीपासून नावं यायला लागली.

पुढच्या वर्षी टोळी निघायच्या आधी त्यांचा पुन्हा फोन आला. छातीत धस्स झालं.

"म्याडम, पोरगं म्हणतंय दिवाळीला दोनच दिस येतो, शिबिराची तयारी हाय. तुम्ही सांगा की सरांना, चार दिस सोडा म्हणावं. त्याची आय वाट बघतीया."