टीमलॅबला जाताना : वाचकांचे प्रश्न

टोकियोत ‘टीमलॅब’ या 2001 साली सुरू झालेल्या डिजिटल कलाकारगटाची दोन मोठी संग्रहालयं आहेत, प्लॅनेट्स आणि बॉर्डरलेस. चित्रं नुसती बघायची नाहीत, त्यांच्यात शिरायचं, अशी ही ठिकाणं. जपानला निघालेल्या वाचकांच्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

टोकियोत एकच अर्धा दिवस मोकळा आहे. सोबत आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई. दोन्हींपैकी कुठे जावं? (नाशिक)

आईच्या गुडघ्यांना विचारा. प्लॅनेट्समध्ये सुरुवातीलाच अंधारी चढण लागते आणि वरून पाणी पायांवर येत असतं. ही चढण अनवाणीच चढावी लागते. पुढे एका खोलीत जमीनच गादीसारखी मऊ आहे. पाऊल रुततं, तोल जातो, आणि बसलेल्या माणसाला उठताना आधार लागतो. गुडघे दुखरे असतील तर दाराशीच कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा आणि कुठे वळसा घेता येईल ते विचारा.

बॉर्डरलेसमध्ये बूट घालूनच फिरायचं असतं. तिथे नकाशा नाही, ठरलेली वाट नाही. चित्रं एका दालनातून निघून दुसऱ्यात जातात, त्यामुळे मघाशी पाहिलेली भिंत परत आल्यावर वेगळीच दिसते. आई निवांत बसू शकेल अशी जागा हवी तर तिथलं चहाघर आहे (त्याचे पैसे वेगळे). चहाच्या कपात प्रकाशाचं फूल उमलतं, कप उचलला की पाकळ्या विखुरतात, चहा संपला की फूलही संपतं.

मुलीचा विचार केला तर प्लॅनेट्सच सरस. जानेवारी 2025 मध्ये तिथे ‘फॉरेस्ट’ हा मोठा भाग जोडला गेला. तो उड्या मारणाऱ्या, चढणाऱ्या मुलांसाठीच आहे म्हणा ना. तिथल्या काही कलाकृतींना उंचीच्या आणि प्रकृतीच्या अटी आहेत. त्या आधीच वाचून मुलीला सांगा, नाहीतर दाराशी रडारड ठरलेली. प्लॅनेट्सला तीन तास धरा, बॉर्डरलेसला दोन-अडीच.

आई साडीच नेसते. पाण्यातून जायचं म्हणजे काय करायचं?

याच पत्रातला पुढचा प्रश्न. पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत येतं, म्हणजे लहान मुलांच्या मांडीपर्यंत. साडी वर खोचून चालेल असं वाटतं, पण दोन अडचणी आहेत. निऱ्या सुटल्या की ओलं कापड पायात अडकतं. शिवाय काही दालनांची जमीन आरशाची आहे, तिथे साडी, घागरा, स्कर्ट सगळ्यांचीच पंचाईत होते. गुडघ्यावर सरकवली तर तिथेच थांबेल अशी पँट हवी. घट्ट चुडीदार वर सरकत नाही आणि पटियाला वर राहत नाही. सैल सुती थ्री-फोर्थ आणि वर कुर्ता हे सगळ्यात सोयीचं. काहीच जमलं नाही तर तिथे शॉर्ट्स वापरायला मिळतात. पाय पुसायला टॉवेलही मिळतो. बूट-मोजे लॉकरमध्ये ठेवायचे.

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालण्याबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि बाहेर आल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून नीट बघा. अंधारात लागलेलं कळत नाही.

तिकीट आधी काढावं का? आणि वेळ चुकली तर? (बंगळुरू)

आधीच काढा. दर तारखेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, सुट्टीच्या दिवसांच्या चांगल्या वेळा लवकर संपतात. तिकिटावरची वेळ आत शिरण्याची असते, आत किती थांबायचं याची नव्हे. मात्र एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर पुन्हा आत घेत नाहीत. व्हिसा हातात नसेल तर तारीख बदलण्याची अट वाचूनच पैसे भरा. एजंटाकडून घेतलेल्या तिकिटाचा बदल त्याच्याकडेच मागावा लागतो.

वेळ चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुना पत्ता. बॉर्डरलेस 2018 साली टोकियोच्या ओदायबा भागात सुरू झालं, ऑगस्ट 2022 मध्ये तिथलं बंद झालं आणि फेब्रुवारी 2024 पासून ते आझाबुदाय हिल्स संकुलात, तळघरात आहे. हिबिया मेट्रोच्या कामियाचो स्टेशनवर उतरा. जुने प्रवासवृत्तान्त वाचून अजूनही माणसं ओदायबाला जातात.

प्लॅनेट्स तोयोसू भागात आहे. शिन-तोयोसू स्टेशन अगदी दाराशी, पण तिथे जाणारी युरिकामोमे गाडी शिंबाशीहून निघून खाडीकाठाने वळसे घेत अर्धा तास घेते. खिडकीतून शहर बघायचं असेल तर छान. घाई असेल तर युराकुचो मेट्रोने तोयोसूला उतरून दहा मिनिटं चाला.

प्राणी पकडण्याचा खेळ आहे असं ऐकलं. तो मोबाइलवर कसा चालतो? मुलांचा फोन चालेल का? (फोंडा, गोवा)

फॉरेस्ट भागात नामशेष झालेले प्राणी भिंतींवर आणि जमिनीवर हिंडत असतात. त्यासाठीचं अ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या, ब्लूटूथ, लोकेशन आणि कॅमेऱ्याच्या परवानग्या द्या. यातली एक जरी नाकारली असली तरी खेळ अडतो, आणि मुलांच्या फोनवर पालकांचं कुलूप असल्यामुळे नेमकं तेच होतं. फोन पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक सोबत ठेवा. कॅमेरा आणि ब्लूटूथ सतत चालू म्हणजे बॅटरी बघता बघता उतरते.

भिंतीवरचा प्राणी कॅमेऱ्यात धरायचा आणि स्क्रीनवरून त्याच्यावर बाण सोडायचा. लागला तर प्राणी भिंतीवरून नाहीसा होऊन तुमच्या संग्रहात येतो. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी जाळं टाकायचं. मुलं इथे चुकतात ती अशी : आधी धावत जाऊन भिंतीला हात लावतात. हात लागला की प्राणी बिचकतो, आणि बाण चुकतो. चार पावलं मागे राहा. तोच प्राणी पुन्हा पकडला तर त्याची माहिती वाढत जाते. पाहून झालं की परत सोडूनही देता येतो. एका फोनवर दोन मुलं ठेवू नका, भांडणं होतात.

फोनशिवायचा खेळ हवा असेल तर कागदावर चित्र रंगवायचं, ते स्कॅन झालं की समोरच्या भिंतीवर हलू-उडू लागतं. त्याच चित्राचा बिल्ला किंवा टी-शर्टही पैसे देऊन करून मिळतो.

पाण्यातल्या माशांना हात लावला तरी काहीच होत नाही, असं एकीने सांगितलं. मग संवाद कसला? (पुणे)

होतं, फक्त घाई चालत नाही. प्लॅनेट्सच्या तळ्यातले कोई मासे पाण्यावर पाडलेला प्रकाश आहेत. माणसाला आपटले की त्यांची फुलं होतात, आणि ऋतूप्रमाणे फुलंही बदलतात. आपण त्यांच्यामागे धावलो तर पाणी हिंदकळतं, चित्र फुटतं आणि काहीच दिसत नाही. उभं राहा, ते येतात.

टीमलॅबच्या फुलांच्या भिंतींचंही असंच आहे. जवळ स्थिर उभं राहिलं की जास्त उमलतात. हात फिरवला, येरझाऱ्या घातल्या की पाकळ्या गळून विखुरतात. त्यात बहुतेक जण फोटो काढून पुढे सरकतात, मग त्यांना नुसतं रंगीत वॉलपेपर दिसतं. पाच मिनिटं तरी एका जागी द्या.

फोटो हललेले आणि पट्टे-पट्टे आले. काय चुकतं? (ठाणे)

दोन वेगळी कारणं आहेत. अंधारात फोन आपोआप नाइट मोड लावतो आणि एकेक फोटो सेकंदभर उघडा ठेवतो. तेवढ्यात प्रकाशही हलतो, तुम्हीही. तो मोड बंद करा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा खाली ओढा. पट्टे येतात ते उलट कारणाने, शटर फार वेगवान असल्याने. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (हाताने सेटिंग बदलण्याचा पर्याय) असेल तर त्यात शटर 1/50 च्या आसपास ठेवा. फ्लॅश, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक यांना मनाई आहे. पाण्याच्या भागात फोनला गळ्यातली दोरी हवीच.

प्लॅनेट्सच्या शेवाळाच्या बागेतले अंड्यासारखे गोळे दिवसा आरशासारखे चमकतात, सूर्य मावळला की आतून उजळतात. दोन्ही हवं असेल तर बागेत सूर्यास्ताच्या सुमारास पोचाल अशी वेळ घ्या. टोकियोत डिसेंबरमध्ये साडेचारला, जूनमध्ये सातला अंधारू लागतं.

भोवळ येते का?

प्लॅनेट्समधल्या, फुलं चहूबाजूंनी फिरणाऱ्या घुमटात काहींना येते, कारण डोळे सांगतात आपण फिरतोय आणि तोल सांभाळणारा आतला कान सांगतो स्थिर आहोत. तिथे आडवं पडून बघायचं असतं, उभं राहू नका. जड वाटलं तर डोळे मिटा. चित्राकडे बघत उठायचा प्रयत्न केला की तोल जातो.

शाकाहारी खायला मिळेल का? (नागपूर)

प्लॅनेट्सलाच लागून वीगन रामेनचं (रश्शातल्या जपानी नूडल्सचं) उपाहारगृह आहे. इतरत्र ‘भाजीचं रामेन’ मागवलं तरी रस्सा डुकराच्या हाडांचा किंवा सुकवलेल्या माशाचा असू शकतो, म्हणून नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. रस्सा कशाचा ते विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी वीगन ठिकाणीही वेगळं विचारावं.