घरात ज्यांचे नाव घेतले जात नाही, अशा पणजोबांचे आयुष्य जुन्या नोंदींतून कसे शोधावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की फोंडा तालुक्यातील तुमच्या पणजोबांविषयी घरात 'डोके फिरले, दारूपायी कुळागर (माड-पोफळींची बाग) घालवले आणि मुंबईला जाऊन परागंदा झाले' एवढेच सांगितले जाते, वडीलधारी मंडळी त्यापुढे बोलत नाहीत, आणि पोर्तुगीज अमदानीतील कागदपत्रांवरून त्यांचे खरे आयुष्य कळू शकेल का, हे तुम्हांला जाणून घ्यायचे आहे. बऱ्याच अंशी कळू शकेल. आमच्या घराण्यात माझ्या आजोबांच्या धाकट्या चुलत्यांविषयी जवळपास याच शब्दांत बोलले जात असे, आणि त्यांच्या नोंदी शोधताना मला एक गोष्ट पक्की पटली. घरच्या हकिकतीत घटना बहुधा खऱ्या असतात, पण त्यांचा क्रम हरवलेला किंवा बदललेला असतो. दारू आधी की घरातले मृत्यू आधी, कर्ज आधी की आजार आधी, हे ती हकिकत सांगत नाही, आणि त्या माणसाला दोष द्यायचा की नाही हे तर त्या क्रमावरच ठरते. म्हणून हाती येणाऱ्या प्रत्येक कागदावरची तारीख आधी टिपून घ्यावी आणि त्यात त्यांच्या वागण्याचे जे वर्णन असेल ते नंतर वाचावे.

सुरुवात कार्यालयातून करू नये, घरातल्या श्राद्धांपासून करावी. जी माणसे पणजोबांविषयी एक शब्दही बोलणार नाहीत, ती त्यांचे श्राद्ध कोणत्या तिथीला होते हे मात्र सहज सांगतील, आणि त्या उत्तरात पुष्कळ माहिती दडलेली असते. पितृपक्षात त्यांचे नाव भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घात चतुर्दशीला घेतले जात असेल, तर मृत्यू अपघाती किंवा अनैसर्गिक होता, अशी निदान त्या वेळच्या कुटुंबाची समजूत होती. द्वादशीला घेतले जात असेल, तर त्यांनी संन्यास घेतला होता का, हे विचारावे, कारण यतींचे श्राद्ध त्या दिवशी करतात. सर्वपित्री अमावास्येलाच नाव येत असेल, तर मृत्यूची तिथी घरी कळलीच नव्हती असा तर्क करता येतो. पणजीबाईंचे श्राद्ध अविधवा नवमीला होत असे का, हेही आवर्जून विचारा. तसे असेल तर त्या पतीच्या हयातीत वारल्या, एवढे एकही कागद न पाहता सिद्ध होते. मात्र काही घरांत पती वारल्यानंतर ही नवमी बंद होते, त्यामुळे आजच्या प्रथेवर न थांबता घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला तिच्या लहानपणची प्रथा विचारावी. बारा वर्षे बेपत्ता असलेल्या माणसाचा पालाशविधी, म्हणजे पळसाची प्रतिकृती करून केलेला अंत्यविधी, झाला होता का, किंवा त्यांच्यासाठी कोणी त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी केला होता का, याची आठवणही कुणाला तरी असते. तसे झाले असल्यास त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गावाचे नाव, आलेल्या माणसांची नावे आणि बहुधा मागच्या दोन-तीन पिढ्या लिहिलेल्या सापडतात.

त्यानंतर नागरी नोंदणीकडे वळावे. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतर तिथला नागरी नोंदणीचा कायदा गोव्याला लागू झाला, आणि १९१४ पासून सर्व धर्मीयांचे जन्म, विवाह व मृत्यू सरकारी पुस्तकांत नोंदवले जाऊ लागले. ख्रिस्ती कुटुंबांना त्यापूर्वीसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी उपलब्ध असतात. हिंदू कुटुंबांना मात्र त्याआधीच्या काळासाठी जमिनीचे, देवस्थानाचे आणि न्यायालयाचे कागद पाहावे लागतात. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात पुस्तक नसेल, तर ते पणजी शहरातील पुराभिलेख खात्याकडे गेले आहे का, याची चौकशी करावी. पणजोबांच्या एकट्याच्या नोंदीने फारसे हाती लागत नाही. त्यांच्या पत्नीची, सगळ्या मुलांची, भावंडांची आणि आईवडिलांची नोंद काढावी, अर्भकावस्थेत गेलेल्या मुलांचीही, ज्यांची नावे आज घरात कुणाला ठाऊक नसतील. जन्माच्या नोंदीच्या समासात नंतर केलेले शेरे असतात. नकलेत ते वगळले जाण्याचा संभव असतो, म्हणून शेऱ्यांसह पूर्ण नक्कल हवी असे अर्जात स्पष्ट लिहावे.

नावांच्या लेखनाविषयी सावध राहिले पाहिजे. पोर्तुगीज कारकून 'श' या उच्चारासाठी 'एक्स' हे अक्षर वापरत, 'क' साठी कधी 'सी' तर कधी 'क्यू' लिहीत, त्यामुळे शंकर, गणेश, केशव, शेट ही नावे आजच्या इंग्रजी वर्णक्रमानुसार शोधली तर सापडत नाहीत. शिवाय त्या काळी माणसाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि त्यापुढे शेणवी, कामत, प्रभू, नाईक, शेट असे उपपद येत असे, आणि आज तुम्ही लावता ते ग्रामवाचक आडनाव त्या कागदांत नसण्याची शक्यता बरीच असते. अर्जात अशी चार-पाच रूपे लिहून द्यावीत.

आता सर्वांत महत्त्वाच्या कागदांविषयी. कुळागर गेले असे तुम्ही म्हणता. जमीन गेली की मागे कागद उरतोच. नोटरीच्या पुस्तकांतील गहाणखते, खरेदीखते, मृत्युपत्रे आणि विवाहपूर्व करार, जमीन नोंदणी कार्यालयातील मिळकतीचे वर्णन व तिच्यावरचे बोजे, आणि मात्रीझ या महसुली वहीतील कराची नोंद, या सर्वांतून ती मिळकत कोणत्या वर्षी कुणाकडून कुणाकडे गेली, हे दिसते. त्याच्या जोडीला न्यायालयातील इन्व्हेंटरीची प्रकरणे पाहावीत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० मध्ये गोव्यात लागू झाला, हिंदूंच्या रूढी व चालीरीतींची संहिता १८८० मध्ये आली, आणि कुणी वारल्यावर, विशेषतः वारसांत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुले असल्यास, मालमत्तेची यादी न्यायालयात करून वाटणी होत असे. अशा एका प्रकरणात सर्व वारसांची नावे, वये, वैवाहिक स्थिती, राहण्याचे ठिकाण, मिळकतींच्या सीमा व किमती, आणि मृताची देणी एकत्र मिळतात. पणजोबांच्या वडिलांचे इन्व्हेंटरी प्रकरण मिळाले, तर त्यातील देण्यांची यादी सर्वांआधी वाचा.

आमच्या घरात सांगितले जाई ते असे, की आजोबांचे चुलते दारूला लागले, त्या धक्क्याने त्यांची बायको गेली, कुळागर विकले गेले, मग डोके फिरले आणि ते मुंबईला पळाले. कागदांनी मांडलेला क्रम निराळा होता. कुळागरावरचे कर्ज मुळात त्यांच्या वडिलांचे होते आणि ते वडिलांच्या इन्व्हेंटरीतच नमूद होते. त्या कर्जापोटी १९१७ मध्ये गहाणखत झाले. १९१८ च्या शेवटी, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या काळात, त्यांची पत्नी आणि मुलगा यांचे मृत्यू पाठोपाठ नोंदवलेले आहेत. विक्री १९२० ची आहे, आणि विकत घेणारे त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे पणजोबा आहेत. पुढच्याच वर्षी याच थोरल्या बंधूंनी न्यायालयात इंतेर्दिसांवचा अर्ज केला. एखादी प्रौढ व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःचे व्यवहार पाहण्यास असमर्थ आहे असे ठरवून तिच्यावर पालक नेमण्याची ती प्रक्रिया आहे. उधळेपणाच्या कारणावरूनही असा अर्ज करता येत असे. 'वेडे' किंवा 'उधळे' म्हणून कुटुंबात ओळखल्या गेलेल्या पूर्वजाच्या बाबतीत हे प्रकरण अस्तित्वात आहे का, हे शोधलेच पाहिजे, कारण त्यात नातेवाइकांच्या मंडळाचे मत आणि वैद्यकीय अभिप्राय तर असतोच, पण न्यायाधीशाने त्या माणसाला समोर बसवून विचारलेले प्रश्न आणि त्याने दिलेली उत्तरेही असतात.

आजोबांच्या त्या चुलत्यांचे स्वतःचे बोलणे मला पहिल्यांदा तिथे भेटले. त्यांचा एकही फोटो घरात नाही, पत्र नाही, आणि जे काही सांगितले गेले ते सगळे दुसऱ्यांनी सांगितलेले. न्यायाधीशांनी विचारले की कुळागर कुणाचे, तेव्हा त्यांचे उत्तर लिहिले आहे ते असे, की कुळागर वडिलांचे होते आणि कर्जही वडिलांचेच होते. झोप, जेवण आणि मुलाविषयी विचारल्यावर ते काही बोलले नाहीत, अशी नोंद आहे. डॉक्टरांनी 'मेलांकोलिया' असे निदान लिहिले आहे. त्या अभिप्रायात दारूचा उल्लेख नाही. तो येतो फक्त अर्जात आणि अर्जदाराने आणलेल्या साक्षीदारांच्या जबानीत. पुढे त्यांच्या आईच्या वाटणीच्या प्रकरणात ते परागंदा म्हणून नोंदलेले नाहीत. इंतेर्दिसांवची बंदी उठलेले, गिरगावात राहणारे आणि दुकानात हिशेब लिहिणारे वारस म्हणून त्यांची नोंद आहे. म्हणजे ते बरे झाले होते, आणि त्यांचा पत्ता घरच्यांना ठाऊक होता. हे वाचून मला फार वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे मी झटकून टाकलेले नाही. ज्या कुळागराच्या उत्पन्नावर आमची शाखा शिकली, त्याविषयीची घरातली हकिकत आमच्याच शाखेने सांगितलेली होती.

तरीही एक इशारा द्यायला हवा. न्यायालयाचा कागद जुना आणि शिक्क्याचा असतो म्हणून त्यातील प्रत्येक विधान खरे धरू नये. अर्जदाराचा त्या मिळकतीत हितसंबंध असू शकतो, साक्षीदार त्याचेच मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारे) किंवा ऋणको असू शकतात, आणि तुमच्या पणजोबांनी कोकणीत किंवा मराठीत दिलेले उत्तर दुभाष्याच्या तोंडून पोर्तुगीजमध्ये उतरलेले असते. तुमच्या शोधात उलटेही निघू शकते. दारू खरी असेल, मारहाण खरी असेल, पत्नीचे दागिने गहाण पडलेले असतील. तसे निघाल्यास तेही त्याच काटेकोरपणे लिहून ठेवावे आणि पणजीबाईंच्या बाजूने पुन्हा एकदा सर्व तारखा वाचाव्यात, कारण अशा माणसाबरोबर संसार केलेल्या स्त्रीचे आयुष्यही घरच्या हकिकतीत तितकेच हरवलेले असते.

मुंबईच्या बाजूने शोध घेताना महानगरपालिकेच्या मृत्यूनोंदी प्रथम पाहाव्यात. १९१९ साली स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनसारख्या संस्थांच्या जुन्या कागदांत सभासदांची नावे मिळू शकतात. त्यांना मनोरुग्णालयात ठेवले असल्याचे घरात बोलले जात असेल, तर गोव्यातील अशा रुग्णालयाबरोबरच ठाण्याचे आणि रत्नागिरीचे रुग्णालयही लक्षात घ्यावे. रुग्णाची माहिती गोपनीय असते. वारस असल्याचे पुरावे जोडून लेखी विनंती करावी, आणि नकार आल्यास तो समजून घ्यावा. काळाघोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारचे जुने दप्तर आहे, परंतु नेमके वर्ष हाती आल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही.

गोव्यात आणखी दोन ठिकाणे आहेत. तुमचे घराणे देवस्थानाच्या महाजनांपैकी, म्हणजे तिथल्या कारभारात वंशपरंपरागत हक्क असलेल्यांपैकी, असेल, तर महाजनांच्या नोंदवहीत पणजोबांचे नाव कधी आले आणि कधी गळले, हे पाहावे. तसेच गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेत, गावकार म्हणून हक्क असल्यास तिथल्या वह्याही विचाराव्यात. १८३७ पासून निघू लागलेल्या बोलेतीं ओफिसियाल या सरकारी राजपत्रात ठावठिकाणा नसलेल्या वारसांना हजर होण्यासाठी काढलेल्या नोटिसा छापल्या जात. पणजोबा खरोखर बेपत्ता झाले असतील आणि त्यानंतर घरात एखादी वाटणी झाली असेल, तर ही नोटीस सापडण्याची चांगली शक्यता आहे, आणि तिच्यावरून प्रकरणाचे न्यायालय व वर्ष दोन्ही कळतात.

पोर्तुगीज येत नसेल तर त्यामुळे अडू नये. गोव्यातील ज्येष्ठ वकील आणि निवृत्त नोंदणी कर्मचारी यांच्यापैकी अनेकांना ते हस्ताक्षर वाचता येते. योग्य मोबदला देऊन संपूर्ण मजकूर उतरवून घ्यावा, केवळ तोंडी सारांशावर भागवू नये. हाती आलेले घरातल्या सर्वांसमोर एकदम मांडू नये. आधी पणजोबांच्या सर्वांत वृद्ध हयात वंशजाला एकांतात विचारावे की ऐकायचे आहे का. या घराण्यात कुणाला आज तसाच आजार असेल, तर निदानाचा भाग त्या व्यक्तीच्या डॉक्टरांना सांगणे उपयोगाचे ठरते, आणि ते तिच्या संमतीनेच करावे.

तुमच्याकडे आज एकही तारीख नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा पहिला अर्ज तुमच्या आजोबांच्या जन्मनोंदीसाठी करा. त्यात पणजोबांचे त्या दिवशीचे पूर्ण नाव, व्यवसाय आणि राहण्याचे गाव मिळेल, आणि नावाचे तेच रूप घेऊन इन्व्हेंटरीची चौकशी न्यायालयात करता येईल.