वाचकांचे प्रश्न : वेबकॉमिक कुठून धरावं?

प्रश्न : पेपर हातात आला की आधी ‘चिंटू’ शोधणाऱ्यांपैकी मी. वेबकॉमिक वाचून बघावं म्हणतो, पण कुठलंही उघडलं की मधलंच पान समोर येतं आणि कोण कुणाचं कोण, काही कळत नाही. इंग्रजी बेताचं, वाचणार मोबाइलवर. सुरुवात कशाने करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मधलंच पान येतं, कारण बहुतेक साइट ताजं पान पुढे ठेवतात. पहिलं पान ‘फर्स्ट’ किंवा ‘आर्काइव्ह’ या बटणामागे असतं. पण त्याआधी हातातलं कॉमिक सुटं आहे की सलग, एवढं बघून घ्या. सुटं म्हणजे ‘चिंटू’सारखं, आजचा विनोद आज संपला. ते कुठूनही वाचावं. सलग असेल तर पहिल्या पानाला पर्याय नाही.

तुम्ही सुट्यापासून सुरू करा. पहिलं नाव ‘ग्रीन ह्यूमर’. नागपूरच्या रोहन चक्रवर्तींची ही मालिका प्राणी-पक्ष्यांवर आहे. पात्रं आपल्या ओळखीची असतात, फुग्यातला मजकूर थोडका असतो आणि इंग्रजी अडलंच तर चित्र सांभाळून घेतं. हसता हसता एखादा पक्षी कायमचा ओळखू यायला लागतो, हा वरचा नफा.

त्यानंतर ‘एक्सकेसीडी’. रँडल मन्रो २००५पासून हे काढतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्याला तीन. माणसं म्हणजे नुसत्या काड्या. इथे नवा वाचक हमखास दोन चुका करतो. पहिली, एक नंबरपासून वाचायला घेतो. सुरुवातीची बरीच पानं शाळेच्या वहीतल्या रेघोट्या आहेत, त्यावरून मालिकेचा अंदाज बांधलात तर कंटाळून सोडाल. दुसरी चूक, चित्रामागे दडलेलं वाक्य वाचायचं राहतं. संगणकावर माउस चित्रावर नेला की एक ओळ उमटते आणि पुष्कळदा खरा टोला तिच्यातच असतो. मोबाइलवर माउस नाही, आणि चित्र दाबून धरलं तर काही ब्राउझर ती ओळ अर्धीच दाखवतात. म्हणून साइटची मोबाइल आवृत्ती उघडा. तिथे चित्राजवळच ‘ऑल्ट-टेक्स्ट’ लिहिलेलं असतं, त्यावर बोट टेकवलं की पूर्ण ओळ येते.

कुठला क्रमांक आधी वाचायचा? लोक हटकून ३२७ सुचवतात. मुलाचं नाव शाळेच्या संगणकात भरताच सगळी नोंदवही पुसली जाते, असा तो विनोद. पण डेटाबेसची आज्ञा कशी लिहितात हे माहीत नसेल तर तो डोक्यावरून जातो. त्यापेक्षा १२०५ काढा. त्यात विनोद असा नाहीच, एक तक्ता आहे. रोजच्या कामातला वेळ वाचवायची युक्ती शोधण्यात किती वेळ घालवला तर तो पाच वर्षांत वसूल होईल, याचा हिशोब. रोज पाच मिनिटं वाचणार असतील तर युक्तीवर सहा दिवस घालवा, त्यापुढे तोटा. रोज एक सेकंद वाचणार असेल तर फक्त अर्धा तास. गुणाकार करून बघा, बरोबर येतो. ९३६वं पासवर्डवर आहे, तेही सगळ्यांना कळेल असं. ४०४वं मात्र शोधू नका. पान सापडलं नाही की इंटरनेटवर ‘४०४’ हा आकडा येतो, म्हणून त्या क्रमांकाचं कॉमिकच काढलेलं नाही. मोबाइल बिघडलाय असं वाटून घेऊ नका.

झॅक वायनरस्मिथ यांचं ‘एसएमबीसी’ही याच जातीचं, पण रोजचं. चित्राखाली लाल बटण असतं, ते दाबलं की एक जादा चौकट उघडते. चावट विनोद भरपूर असतात, तेव्हा नातवाला मांडीवर घेऊन वाचायचं हे नव्हे.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, इंग्रजी उत्तम. संपलेली, सलग आणि जरा डोक्याला खाद्य देणारी गोष्ट हवी. अर्धवट सुटलेल्या मालिकांचा तिला वैताग आला आहे.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : अर्सुला व्हर्नन यांचं ‘डिगर’. २०११मध्ये पूर्ण झालं आणि २०१२मध्ये चित्रकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळाला. नायिका एक वॉम्बॅट, म्हणजे ऑस्ट्रेलियातला बिळं खणणारा गुबगुबीत प्राणी. ही जात इथे पेशाने खाणकामगार आहे. पक्की व्यवहारी, देवधर्म आणि जादू या दोन्हींपासून चार हात लांब. बोगदा खणताना वाईट हवेच्या पोकळीत सापडून हिची दिशा चुकते आणि ती जमिनीतून वर येते ती थेट गणपतीच्या देवळात. घरापासून फार फार दूर. समोरची मूर्ती तिच्याशी बोलू लागते.

मराठी वाचकाने हे कॉमिक धरावं ते इथेच. परदेशी चित्रकथेत आपला देव आला की बहुधा नुसती सजावट असते किंवा थट्टा. इथला गणपती शांत, शहाणा, तोलून-मापून बोलणारा आहे, आणि आपल्याला सगळं ठाऊक असल्याचा आव आणत नाही. आणि ही बाई त्याच्याशी हात जोडून बोलत नाही. एका कारागिराने दुसऱ्या जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा तशी बोलते. दोघांत आदर आहे, भक्ती नाही. पुढे कळपाने टाकलेला एक तरस भेटतो, आणि बरं-वाईट म्हणजे काय हे पहिल्यापासून शिकणारं एक सावलीचं पोर भेटतं. त्या पोराचे प्रश्न तुमची मुलगी जेवणाच्या ताटावर तुम्हाला विचारील, तयारीत राहा.

आधी ठाऊक असलेलं बरं, असं थोडं : तरसांच्या चालीरीतींत आपल्याच मेलेल्यांचं मांस खाणं येतं, आणि घरातल्या मारहाणीचा एक जुना प्रसंग कथेच्या मुळाशी आहे. दोन्ही गोष्टी संयमाने हाताळल्या आहेत, पण तो भाग तुम्ही आधी वाचून ठेवा. सगळं काम काळं-पांढरं आहे. रोज पंचवीस पानं वाचली तर साधारण महिना पुरेल. पानं छापील पुस्तकाच्या मापाची आहेत. मोबाइल उभा धरला तर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, म्हणून आडवा धरा, नाहीतर टॅबलेट घ्या. एकत्रित जाड खंडही निघालेला आहे.

रंगीत हवं असेल तर मिन्ना सुंदबर्ग यांचं ‘स्टँड स्टिल, स्टे सायलेंट’, २०१३ ते २०२२. जग बुडवणाऱ्या साथीनंतर ९० वर्षांनी उत्तर युरोपातली एक तुटपुंजी तुकडी ओसाड प्रदेशात जुनी पुस्तकं शोधायला निघते. चित्रं भिंतीवर लावावीत अशी. लोक सोडतात ते सुरुवातीलाच. प्रस्तावना लांबलचक आहे आणि तिच्यातली माणसं पुढच्या गोष्टीत नाहीत, ती पुढच्यांची पूर्वज आहेत. त्यांची नावं घोकत बसू नका, वाचून पुढे सरका. वाटेत भाषांच्या कुळांचं झाड काढलेलं एक पान लागतं. फिनिश आणि स्वीडिश शेजारी राहूनही वेगवेगळ्या झाडांवर का बसतात, ते त्या एका पानात कळतं. रोगाने विद्रूप झालेले प्राणी मात्र भीतिदायक आहेत, रात्री नको.

‘निमोना’ तिच्या मैत्रिणींनी सुचवलं असेल. चांगलंच आहे, पण पुस्तक निघाल्यावर वेबवरची बहुतेक पानं काढून घेतली गेली. ते पुस्तकरूपातच घ्या.

प्रश्न : वेबटून या कॉमिकच्या अ‍ॅपवर मालिका रंगात येते आणि नेमकी नाणी मागायला लागते. पैसे न घालता वाचायचं कसं? आणि त्या लांबच लांब पट्ट्या खरंच वाचनीय असतात का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाणी मागतात ती साधारणपणे दोन ठिकाणी. चालू मालिकेत पुढचे काही भाग आगाऊ वाचायचे असतील तर पैसे. थांबलात तर तेच भाग आठवड्याला एक या वेगाने फुकट उघडतात. संपलेल्या मालिकांपैकी अनेक ‘डेली पास’वर असतात. सुरुवातीचे भाग मोकळे, पुढे दिवसाला ठरावीकच फुकट. म्हणून एकाच मालिकेच्या मागे न लागता तीन-चार मालिका समांतर लावा, रोजचा वाटा पुरेसा होतो. ‘कॅनव्हास’ विभागातलं काम हौशी आणि नव्या चित्रकारांचं असतं, ते मोकळंच असतं. दर्जा वरखाली, पण शोधलं तर चीज सापडतं. सैलेश गोपालन यांचं ‘ब्राउन पेपरबॅग’ शोधा. भारतीय आई-बापांचे संवाद त्यांनी नेमके पकडले आहेत.

वाचनीय असतात का, तर हो, पण नजर बदलावी लागते. बोटाने सरकवत वरून खाली वाचायचा हा प्रकार कोरियात आधी संगणकाच्या पडद्यासाठी घडला आणि पुढे मोबाइलवर रुळला. पुस्तकाच्या पानात वेळ चौकटीच्या आकाराने दाखवतात, इथे दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेने. पात्र दार उघडतं, मग दोन बोटं काळोख, मग खालून चेहरा येतो. बोटाचा वेग हाच ताल. झर्रकन सरकवलंत तर शेजारची मैत्रीण घाबरते तिथे तुम्हाला काहीच होणार नाही. रेचल स्माइथ यांचं ‘लोर ऑलिम्पस’ (२०१८ ते २०२४) याच कारणासाठी बघावं, कारण त्यात रंगच पात्रांची ओळख सांगतात. कथा शेवटाकडे बरीच पातळ झाली आहे. लैंगिक अत्याचाराचा प्रसंगही आहे, तेव्हा इशारे वाचूनच पुढे जा.

डेटा मर्यादित असेल तर हे सगळं वायफायवर वाचा. रंगीत लांब पट्टीचा एक भाग काळ्या-पांढऱ्या पट्टीच्या कितीतरी पट डेटा खातो.

प्रश्न : सात-आठ मालिका लावल्यात. नवीन पान कधी आलं ते कळतच नाही, इन्स्टाग्राम आठवड्याने दाखवतं.
– एक लोकलकर, डोंबिवली

उत्तर : इन्स्टाग्राम तारखेच्या क्रमाने दाखवायला बांधील नाही, तेव्हा सलग कथेसाठी ते निरुपयोगी. आरएसएस वापरा, म्हणजे साइटवर नवीन पान आलं की त्याची खबर आपोआप देणारी यादी, तिलाच ‘फीड’ म्हणतात. जुनी सोय आहे, पण वेबकॉमिकवाल्यांनी ती टिकवली आहे. फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचायच्या सेवेवर खातं काढा, शोधाच्या जागी कॉमिकच्या साइटचा पत्ता टाका. फीड असेल तर तिथेच दिसते, ‘फॉलो’ दाबा. नाही दिसली तर साइटच्या तळाशी ‘आरएसएस’ किंवा ‘अ‍ॅटम’ असा दुवा असतो, तो उचलून चिकटवा. बऱ्याच फीडमध्ये चित्र येत नाही, फक्त दुवा येतो. बोगद्यात नेट जातं तिथे तो उपयोगाचा नाही. अशा मालिका घरून निघण्याआधी टॅबमध्ये उघडून ठेवा. तीन महिने काहीच आलं नाही तर मालिका बंद पडली असं लगेच समजू नका. साइट बदलली की फीडचा पत्ता मरतो, एकदा साइटवर जाऊन खात्री करा.

प्रश्न : आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दहा-बारा वर्षांच्या मुलांना मराठीतून वाचता येईल असं वेबकॉमिक हवं आहे. एखादं आम्हीच भाषांतरित केलं तर चालेल का?
– एक शिक्षिका, न्यू जर्सी

उत्तर : कुठलंही नाही, पण एक नक्की चालेल. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रवॉय यांचं ‘पेपर अँड कॅरट’, २०१४पासून. एक छोटी चेटकीण आणि तिचं नारिंगी मांजर. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नुसतं श्रेय मागणारा. भाषांतर करा, छापा, विकलंत तरी चालेल. मूळ चित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि ‘भाषांतर केलं आहे’ ही नोंद पानावर हवी. एक्सकेसीडीचा परवाना याहून घट्ट आहे, तिथे धंदा चालत नाही. बाकीच्यांना आधी विचारायचं.

सोय अशी की चित्र आणि मजकूर वेगवेगळे ठेवलेले आहेत. फुग्यातली अक्षरं एसव्हीजी फाइलमध्ये असतात आणि ती इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते. भागाचं संपूर्ण फोल्डर उतरवून घ्या, इंग्रजी मजकुराच्या फाइलींची प्रत मराठीच्या नव्या उपफोल्डरमध्ये करा आणि तिच्यावर काम करा. फाइलींची नावं बदलू नका. एसव्हीजी उचलून डेस्कटॉपवर ठेवलीत तर मागचं चित्र गायब होईल, कारण ते फाइलीच्या आत नसतं, बाहेरून जोडलेलं असतं.

खरा घाम अक्षरांत निघतो. श्रीलिपीसारखा जुना, युनिकोड नसलेला फाँट घेऊ नका, दुसऱ्याच्या संगणकावर त्याचा कचरा होतो. ‘कलम’ हा हाताच्या वळणाचा किंवा ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ घ्या, दोन्ही फुकट आहेत. इंग्रजी फुगे कॅपिटल अक्षरांच्या मापाने काढलेले असतात. त्यांना ना वर वेलांटी ना खाली उकार. तेच ओळींचं अंतर ठेवलंत तर वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ‘कैं’वर आदळतो. अंतर १.३ ते १.४ पट करा आणि अक्षराचा आकार थोडा उतरवा. जागा भरायला अक्षरांमधलं अंतर मात्र कधीही वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताच्या फटींसारखा दिसतो. ‘समजावून सांगण्यासाठी’ असले लांब शब्द फुग्याच्या मधल्या, रुंद ओळीत बसवा, वर-खाली छोटे ठेवा.

आवाजांचं शब्दशः भाषांतर नको. काचेला खळ्ळ, पडण्याला धप्प, फसलेल्या जादूला फुस्स. मुलांकडूनच गोळा करा, त्यांचा तासही रंगेल. आणि नाव बदला. देवनागरीत ‘पेपर’ लिहिलं की भारतातून आलेल्या मुलाला परीक्षा आठवते आणि आजोबांना वर्तमानपत्र. ‘मिरी’ केलंत तर अर्थ तोच राहतो आणि ते मुलीचं नाव म्हणूनही शोभतं. मांजराला ‘गाजर’ म्हणायला कुणाची हरकत नसावी.