अडकल्यावर बाहेर कोण काढणार?

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पक्का रस्ता सोडून, माती-चिखल-वाळूत चालवायची गाडी घ्यायचं तुझ्या मनात आहे, हे कळलं. डर्ट बाइक, क्वाड, साइड-बाय-साइड आणि फोर बाय फोर, चारही गाड्यांचे सीसी, हॉर्सपॉवर, सस्पेन्शन, सगळं नीट मांडलंयस. वजन मात्र कुठेच लिहिलं नाहीस. रस्ता सोडला की गाडी कधी ना कधी रुतणार, घसरणार, आडवी होणार. तेव्हा ती सरळ कोण करणार, इथूनच निवडीला सुरुवात कर. ताकदीचं मागाहून बघू.

डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटेची मोटरसायकल, शंभर-सव्वाशे किलोंची असते. पडली तर एकट्याला उचलता येते आणि पाऊलवाटेवरून, दोन झाडांमधल्या फटीतूनही निघते. पण शिकताना ती पुन्हा पुन्हा पडते आणि उचलण्यातच निम्मा दम जातो. तू निवडलेली मोटोक्रॉस जातीची आहे, ती घेऊ नकोस. उड्यांच्या बंदिस्त ट्रॅकसाठीच ती बनते. सस्पेन्शन कडक, सीट तीन फुटांहून उंच, दिवे नाहीत, आणि इंजिनाची देखभाल किलोमीटरवर न ठरता तासांवर ठरते. सुरुवातीला कमी उंचीची, सौम्य इंजिनाची ट्रेल बाइकच बरी. रस्त्यानेही जायचं असेल तर ड्युअल-स्पोर्ट बघ, तिला दिवे-आरसे असतात; वजन मात्र वाढतं.

क्वाडबद्दल, म्हणजे हँडलवर चालणाऱ्या, उघड्या चारचाकीबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण तुझा ओढा तिकडे दिसतो आणि मला काळजीही तिचीच वाटते. चार चाकं बघून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात मोठी क्वाड तीनशे किलोंच्या घरातली, रुंदीला कमी आणि बसायला उंच. तिचा तोल बराचसा चालवणाऱ्याच्या शरीरावर असतो. वळणावर आतल्या बाजूला झुकायचं, चढावर पुढे सरकायचं, आडव्या उतारावर अंग चढाच्या बाजूला टाकायचं. सीट लांब असते ती या हालचालीसाठी. मागे कुणाला बसवलंस की तुला सरकायला जागा राहत नाही आणि गाडीचा भार मागच्या चाकांवर जातो. खास दोघांसाठी बनवलेली नसेल तर जवळच्या माणसालाही नाही म्हण.

उलटली तर क्वाड चालवणाऱ्याच्याच अंगावर येते, वर पिंजरा नसतो. आधी याच जातीच्या तीनचाकी निघाल्या होत्या. अपघात इतके झाले की १९८८मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, गेला नाही. डांबरी रस्त्यावर तर ती नकोच. टायर जाड आणि अगदी कमी हवेचे. शिवाय बऱ्याच क्वाडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे कडक जमिनीवर ती वळायला कुरकुरते आणि अचानक पकड घेऊन कलंडते. धाकट्या भावाला चालवायला देण्याचं लिहिलंयस. मोठ्या क्वाडसाठी उत्पादक किमान १६ वर्षं वय सांगतात. तो त्याहून लहान असेल तर तुझ्या क्वाडला त्याचा हातही लागू देऊ नकोस.

साइड-बाय-साइडमध्ये माणसं शेजारी-शेजारी बसतात; तिला स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि डोक्यावर रोल केज, म्हणजे उलटल्यास वाचवणारा नळ्यांचा पिंजरा असतो. सामान वाहायला आणि सोबत माणूस न्यायला मला तीच पटते. फक्त ती कलंडताना हात-पाय बाहेर टाकण्याची ओढ होते आणि नेमका तोच अवयव चेंगरतो. म्हणून बेल्ट आणि दाराची जाळी कायम लावलेली हवी. घेण्याआधी वाटांची रुंदी मोज. काही जंगलवाटांवर ५० इंचांहून रुंद वाहनाला परवानगी नसते, आणि स्पोर्ट प्रकारातल्या बऱ्याच गाड्या ६०-७० इंचांच्या असतात.

राहिली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी मोटार. घरून स्वतःच्या चाकांवर निघून तशीच परत येणारी, म्हणजे ट्रेलरचा खर्च वाचला. पण टन-दोन टनांची गाडी चिखलात बसली की माणसांच्या ढकलण्याने हलत नाही. दुसरी गाडी, विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), ओढण्याचा मजबूत पट्टा आणि चासीला पक्के हूक हे तिचेच भाग समज. तू पाहिलेली क्रॉसओव्हर, म्हणजे दिसायला जीपसारखी पण मुळात रस्त्याची कार; तिला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराने चालवणारे जादा गिअर, नाहीत. खडीच्या किंवा निसरड्या रस्त्याला ती पुरते. खोल वाळूत सतत ताण पडला की तिच्यासारख्या बऱ्याच गाड्यांचा क्लच तापतो आणि मागच्या चाकांची ताकद तुटते. लो रेंज असेल तर दगडांवरून पावलागणिक उतरता येतं. तरी एक चाक हवेत लटकलं की साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) तेच गरगरत राहतं, म्हणून मागे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक आहे का ते विचार. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर कोरड्या डांबरावर ती लावू नकोस. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पिळतात.

माझा कौल आज लहान, हलक्या, लो रेंजवाल्या फोर बाय फोरला आहे. सुझुकीची जिमनी त्याच जातीची: वजन टनाच्या जरा वर, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, २१० मिलिमीटर. चुका सोसून घेते आणि साध्या पट्ट्याने निघते. उरलेल्या पैशात चांगले टायर आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर घे, कारण वाळूत शिरण्याआधी हवा जवळपास निम्मी करावी लागते आणि परतीच्या रस्त्यावर ती पुन्हा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही.

वाटांची रुंदी आणि सोबत दुसरी गाडी कुणाची असेल, एवढं कळव. तोवर आगाऊ रक्कम भरू नकोस.

तुझा हितचिंतक