मे महिन्यात माहेरी येणारे नऊ कुत्रे आणि दोन लाखांची एफडी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचं घर दापोलीजवळ, चार वर्षांत अकरा पिल्लं घरात ठेवून, औषधपाणी करून त्यांनी चांगल्या घरी दत्तक दिलीत. गेल्या मेमध्ये त्यातले तिघं, मालक फिरायला गेले म्हणून, आठवडाभर त्यांच्याकडे राहून गेले, फुकट. यंदा नऊ जणांनी विचारलंय. मग आता परसात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, चार खोल्यांची शेड बांधायची, कोटेशन आलंय १,८५,००० चं, त्यासाठी ७ टक्क्यांची २ लाखांची एफडी मोडायची आणि कुत्र्यामागे दिवसाला ४०० रुपये घ्यायचे, हे करू का असं त्यांनी विचारलंय.

ताई, कुत्रे ठेवा, पैसेही घ्या, पण शेड बांधू नका आणि त्या एफडीला हात लावू नका.

तुमचेच आकडे घेऊन बसले होते. नऊ कुत्रे, प्रत्येकी सरासरी आठ दिवस म्हणजे ७२ दिवस, ४०० प्रमाणे २८,८०० जमतील. त्यातून भात-चिकन, फिनेल, गोचिडाचं औषध, सकाळी झाडलोटीला येणाऱ्या मावशींचे पैसे असा तुम्ही दिलेला खर्च दिवसाला १८०, तो वजा केला की हातात १५,८४०. आता शेडमध्ये जाणाऱ्या १,८५,००० वर ७ टक्क्यांनी वर्षाला १२,९५० व्याज आलं असतं ते बुडणार, म्हणजे एवढं राबून तुम्ही खरं कमावलेत २,८९० रुपये. आणि मुदतीआधी मोडल्यावर बँका बहुतेक अर्धा ते एक टक्का व्याज कापतात ते वेगळंच.

आणि ती एफडी कशासाठी ठेवलीये ते तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय, पुढच्या जूनमध्ये लेकीचं कॉलेज. तेव्हा शेड विकून फी भरता येणार नाही.

मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच एका वाक्याची, तुम्ही ते सहज लिहून गेलात, की वाडी अजून सामाईक आहे आणि चुलतदीर मुंबईला असतात. ताई, कोकणात हे घरोघरी आहे, सातबाऱ्यावर आठ-दहा नावं असतात आणि कोणी एक पत्रा टाकेपर्यंत कोणाचं काही म्हणणं नसतं, पण चिऱ्याचं पक्कं बांधकाम उभं राहिलं की मेमध्ये आलेले चाकरमानी पहिला प्रश्न तोच विचारतात की हे कोणाला विचारून बांधलंत. वाटप व्हायच्या आधी स्वतःचे एक लाख पंच्याऐंशी हजार सामाईक जमिनीत पुरणं हे मी कोणालाच सांगणार नाही, कुत्र्यांसाठी असो की होमस्टेसाठी.

मेचंच अजून एक, त्याच तीन आठवड्यांत तुमच्या घरात मुंबईची दहा माणसं, विहीर तळाला, गेल्या वर्षी टँकर मागवलात म्हणता. आणि सगळ्या नऊ जणांना तारखाही त्याच हव्या असणार कारण शाळांच्या सुट्ट्या एकच, म्हणजे चार खोल्या बांधल्या तरी पाच जणांना नाहीच म्हणावं लागणार.

म्हणून मी हे सुचवेन. एका वेळी दोनच कुत्रे. पडवीच्या बाजूला तारेची जाळी आणि एक गेट, साधारण २२,००० म्हणालात ना, ती करा, बचत खात्यातून. जाळी काढून नेता येते, जमिनीच्या भानगडीत अडकत नाही, आणि वर्षभर येणाऱ्या पिल्लांनाही उपयोगी. गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, मात्र चार हात लांब ठेवा, चिऱ्यांच्या फटीत फुरसं, विषारी साप, बसतं आणि कुत्रा नाक घालतोच. अशाने सीझनला दोघांचे मिळून ४५ दिवस जरी भरले तरी ९,९०० सुटतात, दोन-अडीच उन्हाळ्यांत जाळी फिटली. उरलेल्यांसाठी तालुक्यात अजून कोण पिल्लं सांभाळतं त्यांना विचारा, तेही लोक ओळखीचेच असणार.

एक जागा रस्त्यावरून येणाऱ्या नव्या पिल्लासाठी मोकळी राहू दे, ती या कुत्र्यांपासून पार लांब, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो आणि लस न झालेलं पिल्लू त्याला बळी पडतं. तुमचं मूळ काम ते आहे, ते चारशे रुपयांसाठी मागे पडायला नको.

पैसे मागायची लाज वाटते म्हणता, ते समजतं मला. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी ती काळी कुत्री गाडीतून उतरल्या उतरल्या थेट विहिरीजवळच्या तिच्या जुन्या जागेवर जाऊन बसली, ते वाचून माझेही डोळे भरले, माहेरीच आली ती. पण माहेरवाशिणीला जेवायला घालायलाही घरात तांदूळ लागतात. पुण्या-मुंबईच्या मालकांकडून ४०० निःसंकोच घ्या. हर्णै बंदरावरचं जे कुटुंब आहे, लग्नाला जाणारं, त्यांच्याकडून घ्यायचे नसतील तर नका घेऊ, फक्त वहीत आठ दिवसांचे ३,२०० माफ असं लिहा, म्हणजे आपण किती दिलं ते आपल्याला माहीत राहतं. आणि अशी माफी सीझनला एकच.

प्रत्येकाकडून २,००० डिपॉझिट घ्या, न्यायला आले की परत. रेबीज आणि नाईन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस) या लसींच्या कार्डाचा फोटो आणि आजारी पडला तर डॉक्टरकडे न्यायला परवानगी, खर्च आमचा, असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. हे मी अनुभवाने सांगते, आमच्या कुत्र्याने ऐन मेमध्ये हापूसची कोय गिळली, आतड्यात अडकली, ऑपरेशन करावं लागलं, १४ हजार गेले. तुमच्या अंगणात त्या महिन्यात कोयीच कोयी असणार. दहा हजार वेगळ्या खात्यात ठेवून द्या आणि कोयी रोज संध्याकाळी उचला.

टॅक्सचं विचारलंत, इतक्या रकमेवर जीएसटीची काळजी नको, त्याची सेवांसाठीची मर्यादाच २० लाखांची आहे. वहीत नोंद मात्र ठेवा.

या आठवड्यात नऊही जणांकडून तारखा मागवून घ्या, आधी कळवेल त्याला जागा, आणि नेण्याची शेवटची तारीख ५ जून सांगा. त्यानंतर पाऊस कधीही लागतो आणि पडवीत ओले कुत्रे आणि ओली माणसं एकत्र मावत नाहीत. त्या काळीच्या मालकांना आधी फोन करा.