शाफ्टच्या तपासणीसाठी योक पुरेल का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात फोर्जिंगपासून वाहनांचे शाफ्ट तयार होतात. इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कठीण करणे) आणि ग्राइंडिंग झाल्यावर प्रत्येक शाफ्टची चुंबकीय कण तपासणी (भाग चुंबकित करून त्यावर लोहकण टाकून तडे शोधणे) करावी, असे ग्राहकाने कळवले आहे. आमच्याकडे हाताने धरायचा योक (दोन पायांचा विद्युतचुंबक) आणि लोहकणांची कोरडी पावडर आहे. तेवढ्यावर भागेल, की शाफ्ट आडवा धरून चुंबकित करणारे बेंच मशीन घ्यावे लागेल?
– एक वाचक, चाकण

उत्तर : यंत्राचा विचार करण्याआधी आपल्या शाफ्टवर तडे कोणत्या दिशेने पडू शकतात, हे पाहावे. तडा चुंबकीय बलरेषांना आडवा छेदत असेल तरच तेथे चुंबकीय क्षेत्र बाहेर गळते आणि कण गोळा होतात. बलरेषांना समांतर असलेला तडा कितीही मोठा असला तरी नजरेतून निसटू शकतो. ग्राइंडिंगचे तडे बहुधा चाकाच्या दिशेला काटकोनात पडतात, म्हणजे गोल शाफ्टवर ते अक्षाच्या दिशेने धावतात. की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून निघणारे हार्डनिंगचे तडेही अनेकदा तसेच असतात. ते दिसण्यासाठी शाफ्ट मशीनच्या दोन हेडमध्ये (टोकांच्या पकडींमध्ये) धरून त्यातूनच वीजप्रवाह सोडावा लागतो, म्हणजे बलरेषा शाफ्टभोवती वर्तुळाकार फिरतात; त्यालाच कारखान्यात हेड शॉट म्हणतात. आडवे तडे मात्र शाफ्टभोवतीच्या तारेच्या वेटोळ्याने, म्हणजे कॉइलने पकडावे लागतात, कारण तिच्या बलरेषा अक्षाच्या दिशेने जातात. म्हणून दोन्ही शॉट आवश्यक आहेत.

योकनेही दोन्ही दिशा साधता येतात, परंतु त्यासाठी तो प्रत्येक भागावर फिरवून पुन्हा काटकोनात ठेवावा लागतो. वेल्डिंगच्या जोडासाठी किंवा मोठ्या ओतीव भागासाठी तो उत्तम आहे, आणि खडबडीत पृष्ठभागावर कोरडी पावडरही चांगले काम करते. रोज शेकडो शाफ्ट तपासताना मात्र हाताच्या शिस्तीवर एवढी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. आपण बेंच मशीनच घ्यावे.

माध्यम ओले (द्रवात मिसळलेले कण) आणि फ्लुओरेसंट (अतिनील प्रकाशात चमकणारे) असावे, कारण ग्राइंडिंगचे तडे इतके बारीक असतात की कोरड्या पावडरचे जाड कण तेथे स्पष्ट रेघ उमटवत नाहीत. अतिनील दिव्याची तीव्रता शाफ्टच्या पृष्ठभागावर प्रति चौरस सेंटिमीटर किमान 1000 मायक्रोवॉट आणि आसपासचा साधा प्रकाश 20 लक्सपेक्षा कमी ठेवावा. तपासनिसाने रंग बदलणारा चष्मा वापरू नये. द्रावणातील कणांचे प्रमाण रोज निवळण नळीत (कण तळाशी बसू देणाऱ्या मोजनळीत) मोजावे; फ्लुओरेसंट कणांसाठी ते सहसा 100 मिलिलीटरमागे 0.1 ते 0.4 मिलिलीटर असते. आपले तडे पृष्ठभागावरच उघडणारे असल्याने एसी प्रवाह योग्य आहे. पृष्ठभागाच्या किंचित खालचे दोष हवे असतील तर अर्धलहरी डीसी (एकाच दिशेने ठोक्याठोक्याने वाहणारा प्रवाह) लागेल. ग्राहकाच्या आराखड्यात यापेक्षा वेगळी मूल्ये दिलेली असतील, तर तीच पाळावीत.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की खरा तडा असलेला एक नाकारलेला शाफ्ट जपून ठेवावा आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तो विचुंबकित (चुंबकत्व काढून टाकलेला) व स्वच्छ करून मशीनवर तपासावा. त्यावरची रेघ उमटली नाही, तर उत्पादनातला एकही शाफ्ट पुढे जाऊ देऊ नये.

हेडच्या संपर्काच्या जागा स्वच्छ असाव्यात आणि तांब्याच्या जाळीच्या गाद्या झिजताच बदलाव्यात, नाहीतर ठिणगीने कठीण पृष्ठभाग जळून तेथेच नवा तडा जाऊ शकतो. आधी हेड शॉट, मग कॉइल शॉट आणि शेवटी विचुंबकन, असा क्रम ठेवावा, कारण हेड शॉटचे वर्तुळाकार चुंबकत्व शाफ्टच्या आतच राहते आणि गॉसमापीवर (चुंबकत्व मोजण्याच्या उपकरणावर) दिसत नाही; ते शेवटी राहिले तर विचुंबकन झाले की नाही हे कळत नाही. विचुंबकनानंतर उरलेले चुंबकत्व साधारणतः 3 गॉसच्या आत असावे. अन्यथा बेअरिंगजवळ लोखंडी कीस चिकटून राहतो.